शरदाचें फळ आणि राखेंतला रोडगा

दसरा जवळ आला कीं मराठवाड्यांतील डोंगरउतारांवर सीताफळांचे डोळे उघडूं लागतात. पावसानें धुतलेली हवा, सोयाबीनच्या काढणीची लगबग, ज्वारीच्या पेरणीची घाई आणि बाजारांत हिरव्या पाल्यावर रचलेल्या सीताफळांच्या टोपल्या, अशा दिवसांत गेल्या वर्षीं आम्ही हिंगोलीपासून कांहीं कोसांवर एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों होतों. हिंगोलीचा सार्वजनिक दसरा साऱ्या मराठवाड्यांत नांवाजलेला. तो पाहावा आणि चार दिवस पुस्तकांवांचून काढावे, एवढाच हेतु होता. परंतु अध्यापकाच्या नशिबीं पुस्तकांपासून सुटका नसते. तीं हातीं नसलीं तर त्यांतील प्रश्न ताटांत वाढून येतात.

स्नेह्यांची धाकटी सून कांहीं वर्षें अमेरिकेंत राहून आलेली. तिकडे शरदांत सफरचंदें उतरलीं म्हणजे घरोघर एक पक्वान्न होतें, त्याचें नांव 'क्रिस्प'. सफरचंदाच्या फोडींना साखर व दालचिनी लावून त्या पसरट भांड्यांत मांडावयाच्या; कणीक, ओट, साखर आणि लोणी बोटांनीं चोळून त्यांचा रवाळ भुगा करावयाचा; तो फोडींवर दाट पेरावयाचा; आणि खालचें फळ मऊ व वरचा थर खरपूस कुरकुरीत होईतों तें भांडें भट्टींत ठेवावयाचें. सूनबाईंनीं हौसेनें सफरचंदांच्या जागीं परसांतलीं सीताफळें घेतलीं. विजेची भट्टी घरांत होतीच. वासावरून आम्हां सर्वांस मोठी आशा उत्पन्न झाली. पण पहिल्याच घांसास कळून आलें कीं वरचा थर उत्तम आणि खालचा गर कडवट! सूनबाई हिरमुसल्या. "काका, आपल्याकडे भाजण्याची रीतच नाहीं," त्या म्हणाल्या. "आपण उकडतों, शिजवतों, तळतों. भट्टी आपली नव्हेच."

आम्हीं मान डोलावली. नुसती डोलावली एवढेंच नव्हे, तर हेंच विधान आम्ही वर्गांत अनेक वर्षें करीत आलों आहों, हेंहि तेथें सांगून टाकलें. पश्चिमेचें स्वयंपाकघर भट्टीभोंवतीं उभें राहिलें आणि आमचें चुलीभोंवतीं, असें एक सुटसुटीत वाक्य आमच्या टिपणांत होतें. विद्यार्थी तें उतरून घेत आणि परीक्षेंत आम्हांस परत करीत.

त्याच संध्याकाळीं घरच्या शेतांत म्हसोबाचा नैवेद्य होता. बांधाशेजारीं गोवऱ्यांचा ढीग पेटवलेला. धूर जाऊन आंत लाल आर उरलेला. घरचा जुना सालगडी आणि शेजारचे दोघेतिघे शेतकरी भरड गव्हाच्या कणकेचे, आंत तेलाचे पदर देऊन वळलेले गोळे त्या आरांत पुरीत होते. हेच रोडगे. मधूनमधून काठीनें ते फिरवावयाचे, वर पुन्हां राख ओढावयाची. भाजले कीं नाहीं तें कसें ओळखतां, असें सूनबाईंनीं विचारलें. सालगड्यानें एक रोडगा फडक्यांत धरून बोटाच्या पेरानें ठोकला आणि म्हणाला, "वाजतो तो भाजला, वैनी." सूनबाई आमच्याकडे पाहूं लागल्या. तिकडेहि भट्टींतून काढलेल्या पावाचें बूड ठोकूनच तो भाजल्याची परीक्षा करतात. आम्हीं मात्र नजर खालीं घातली, कारण आमचें सुटसुटीत वाक्य त्या राखेंत पडलेलें आम्हांस दिसत होतें.

तेव्हांपासून हा विषय आमच्या मनांत घोळत आहे. भाजण्याची कला आम्हांस नव्हती, ही समजूत खोटी असेल तर ती आमच्यांत रुजली कशी, ह्याचा विचार करणें हें इतिहासाच्या अभ्यासकाचें काम आहे.

प्रथम त्या परदेशी पक्वान्नाचीच वंशावळ पाहूं. 'क्रिस्प' ह्या नांवानें फळाची पाककृति छापलेली आढळते ती १९२४ सालच्या एका अमेरिकन पाकपुस्तकांत. इंग्लंडांतील तिची बहीण 'क्रंबल' ही दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईंत घरोघर पोंचली, असें सांगतात. जानेवारी १९४० पासून तेथें लोणी व साखर शिधापत्रिकेवर मिळूं लागलीं. पायच्या आवरणास लागणारें लोणी परवडेना, तेव्हां थोड्या स्निग्धांशांत होणारा भुगा फळावर पेरणें सोयीचें ठरलें. म्हणजे ज्या पक्वान्नाकडे आम्ही एका प्राचीन परंपरेचें प्रतीक म्हणून पाहत होतों, त्याच्या नांवास अद्याप फार तर शंभरएक वर्षें झालीं आहेत.

घरोघरीं भट्टी असणें हीहि युरोपांतील कांहीं सनातन स्थिति नव्हे. फ्रान्समध्यें सरंजामशाहीच्या काळीं कित्येक गांवीं जमीनदाराचीच एक भट्टी असे, आणि रयतेनें आपलें पीठ तेथेंच आणून, मोबदला देऊन भाजून घ्यावें असा दंडक होता. इंग्लंडांतील गरीब कुटुंबें एकोणिसाव्या शतकांतहि रविवारचें मांस आणि पाय बेकऱ्याकडे भाजावयास पाठवीत. ओतीव लोखंडाच्या शेगड्या स्वस्त झाल्या तेव्हां कोठें भट्टी सामान्य माणसाच्या घरांत शिरली. आमच्या वयाच्या वाचकांस ह्यांत नवल वाटूं नये. दिवाळीच्या आधीं नानकटाईचे गोळे पत्र्यांवर मांडून ते बेकरींत भाजून आणण्यासाठीं आपण लहानपणीं रांगेंत उभे राहिलों आहोंच. दुसऱ्याच्या भट्टीवर आपला गोडवा भाजून घेण्याची चाल लंडनच्या गरीब वस्तींत होती आणि आमच्या पेठांतूनहि होती.

आतां आपल्याकडे येऊं. रोडगा किती जुना? ह्यास एक साक्षीदार असा आहे कीं त्याची साक्ष कोणी खोडूं शकणार नाहीं. पैठणच्या एकनाथांचें निर्वाण १५९९ सालचें. त्यांच्या एका प्रसिद्ध भारुडांत सासरच्या माणसांना गांजलेली एक सून भवानीस नवस बोलते, आणि त्या नवसांत ती कबूल करते तो रोडगा. पुरणपोळी नव्हे, लाडू नव्हे, रोडगा. नाथांच्या श्रोत्यांस रोडगा म्हणजे काय हें समजावून सांगावें लागलें नसावें. तो इतका परिचित होता म्हणूनच त्या नवसांतला विनोद त्यांना कळला. गोदेच्या खोऱ्यांत सोळाव्या शतकांत देवीस वाहिला जाणारा हा पदार्थ अमेरिकन 'क्रिस्प'च्या पहिल्या छापील उल्लेखाहून निदान सव्वातीनशें वर्षांनीं वडील ठरतो.

आणि रोडगा एकटा नाहीं. पळसाच्या दोन पानांमध्यें कणीक थापून ती निखाऱ्यांत भाजतात, ते पानगे मराठवाड्यांत व वऱ्हाडांत शेतांशेतांतून होतात. पान जळतें, पण त्याचा वास आंतल्या कणकेंत उतरतो. कोंकणांत भाद्रपद-आश्विनांत वेलींवरचीं तवशीं पिकून मोठीं झालीं कीं त्यांचा कीस, तांदुळाचा रवा, गूळ आणि खोबरें एकत्र करून त्याचें धोंडस करतात. त्यासाठीं जाड बुडाच्या भांड्याखालीं मंद विस्तव आणि झांकणावर निखारे ठेवावयाचे, ही जुनी रीत. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरांतील भानोलें असेंच वरखालीं विस्तव ठेवून भाजीत. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत बेबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांच्या धगीवर भाजून त्यावर दुसरा ओततात. वरून आणि खालून कोरडी आंच देऊन पदार्थ भाजणें, हीच जर भट्टीची व्याख्या असेल, तर राख, पान आणि निखाऱ्यांचें झांकण ह्या तिन्ही आमच्या भट्ट्याच होत. वीट आणि चुना त्यांत नव्हता इतकेंच.

तो कां नव्हता, ह्याचेंहि कारण जमिनींतच सांपडतें. विटांची भट्टी तापवावयास पुष्कळ लांकूड लागतें, आणि एकदां तापली म्हणजे बराच वेळ तिच्यांत सारखें भाजावें तेव्हां तें लांकूड सार्थकीं लागतें. दख्खनच्या पठारावर शेतकऱ्याजवळ सरपण होतें तें तुराट्यांचें, पऱ्हाट्यांचें आणि गोवऱ्यांचें. तुराटी-पऱ्हाटी भडकते आणि विझते. तिच्यावर तवा व भाकरी शोभते. गोवरी हळूहळू धुमसते आणि राखेखालीं कितीतरी वेळ सारखी धग देते. तिच्यांत रोडगा शोभतो. ज्याच्याजवळ जें इंधन त्याची तशी भट्टी. ह्यांत कोणाची बुद्धि उणी आणि कोणाची अधिक असा प्रश्नच येत नाहीं.

मग आम्हां शिकलेल्या लोकांस हें दिसलें कां नाहीं? ह्याचें उत्तर देतांना मनास थोडी लाज वाटते. आमच्या पाककलेचा इतिहास आम्हीं माजघराच्या उंबरठ्याआंत उभें राहून लिहिला. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें 'गृहिणीमित्र' १९१० मधलें. हीं पुस्तकें मोलाचींच, पण तीं वाचतां येणाऱ्या घरांसाठीं होतीं. रोडगा घरांत होतच नसे. तो बांधावर, देवळाच्या आवारांत, जत्रेच्या मुक्कामीं होई, आणि तो भाजणारे हात बहुधा अशा पुरुषांचे असत कीं ज्यांच्या हातीं लेखणी नव्हती. जो पदार्थ चुलीपासून दूर झाला आणि ज्याची कृति कोणीं लिहिली नाहीं, तो आमच्या लेखीं झालाच नाहीं.

दुसरें कारण सोंवळ्याचें. घरची चूल ही घरची असते. भट्टी सार्वजनिक असते. तिच्यांत कोणाचें पाणी आणि कोणाचा हात लागला हें सांगतां येत नाहीं. पाव हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला आणि त्याच्यामागें बाटण्याची भीतीहि आली. विहिरींत पाव टाकला आणि पाणी पिणारा सारा गांव बाटला, अशा आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकल्या आहेत. ही भीति केवळ अडाणी लोकांची नव्हती. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें गोपाळराव जोशी ह्यांच्या खटपटीनें कांहीं प्रतिष्ठित मंडळी जमली आणि त्यांच्यापुढें चहाबिस्किटें आलीं. त्या मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणीं घेतलीं, कोणीं नुसता हात लावला. पुढें नांवांची यादी 'पुणें वैभव' पत्रांत छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ पर्यंत प्रायश्चित्ताचा वाद महाराष्ट्रभर गाजत राहिला. देशांतील पहिल्या प्रतीचे विद्वान् एका बिस्किटावरून जेथें गोत्यांत आले, तेथें मध्यम वर्गानें भट्टी ही परक्यांची वस्तु मानली ह्यांत आश्चर्य तें काय! गंमत अशी कीं सोंवळ्याची ही भीति पुढें ओसरली, पण तिनें घालून दिलेली समजूत तशीच राहिली. पूर्वीं आम्ही म्हणत होतों कीं भट्टी परक्यांची म्हणून वाईट. आतां म्हणूं लागलों कीं भट्टी परक्यांची म्हणून श्रेष्ठ. ती परक्यांची आहे हें मात्र दोन्ही वेळां गृहीत धरलें.

हिंगोली हें गांव ह्या बाबतींत विशेष बोलकें आहे. निजामाच्या खर्चानें पोसलेली परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमतींतील जी फौज होती, जिला पुढें हैदराबाद कॉन्टिंजंट म्हणूं लागले, तिची एक छावणी येथें होती. ह्याच छावणीच्या बाजारांतला एक प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाला, ही हकीकत मेडोज टेलर ह्यांनीं आपल्या १८३९ च्या ठगविषयक कादंबरीच्या प्रस्तावनेंत दिली आहे. इंग्रजी वाचकांस हिंगोली माहीत झाली ती अशा भयंकर निमित्तानें. ह्याच निजामी फौजेंत रिडेल नांवाचे वरिष्ठ डॉक्टर होते. त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानांतील गृहव्यवस्थेवर व पाककृतींवर एक जाड इंग्रजी ग्रंथ रचला, आणि बागाईतीवर दुसरा. पाय, पुडिंग, मुरंबे, लोणचीं, कालवणें, पुलाव अशा किती तरी गोष्टींची कृति त्या पाकग्रंथांत आहे. साहेबांचे स्वयंपाकी देगचीच्या झांकणावर निखारे रचून तीं पुडिंगें भाजीत. म्हणजे साधन आमचेंच होतें. परंतु साहेबाच्या मेजावर जें आलें त्याचा ग्रंथ झाला, आणि छावणीच्या कुंपणापलीकडे शेतांत जें भाजलें जात होतें त्याचें आम्हीं टिपणहि केलें नाहीं. १९०३ सालीं कॉन्टिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झाली आणि छावणी उठली. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाचें राज्यहि गेलें. १९९९ च्या महाराष्ट्रदिनीं परभणींतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. एवढ्या उलथापालथींतून म्हसोबाचा रोडगा मात्र आपल्या राखेंत सुखरूप राहिला.

आतां त्या कडवट सीताफळाकडे वळूं. हें फळ आपल्याला इतकें आपलें वाटतें कीं त्यास आपण सीतेचें नांव दिलें आणि त्याच्या भावंडास रामाचें. कनिंगहॅमसारख्या पुरातत्त्वज्ञास मथुरेच्या आणि भरहुतच्या शिल्पांतहि सीताफळ दिसलें होतें. तथापि बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मतें त्याचें मूळ घर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत असून तें पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत इकडे आलें. म्हणजे नाथांच्या भारुडांतला रोडगा देवीस वाहिला जात होता, त्याच सुमारास हें फळ आमच्या किनाऱ्यावर उतरत होतें. पाव आला त्याच वाटेनें सीताफळ आलें. पाव बाटवणारा ठरला आणि सीताफळ उपासाला चालूं लागलें! बाहेरून आलेल्या वस्तूंस आम्हीं किती मनःपूत न्याय लावला, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. बालाघाटाच्या रांगांतील दगडाळ, कमी पाण्याची जमीन त्यास इतकी मानवली कीं बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

पण ह्या फळाचा स्वभाव एका बाबतींत हट्टी आहे. त्याचा गर तापवला कीं कडवट होतो. सफरचंद शिजलें कीं त्याची आंबटगोड चव उलट खुलते. सीताफळाचें तसें नाहीं. म्हणून आमच्या बायका सीताफळाची बासुंदी करतांना दूध आटवून, तें पूर्ण निववून, मगच त्यांत गर घालतात. ही गोष्ट त्यांना कोणा रसायनशास्त्रज्ञानें सांगितली नाहीं. पिढ्यान् पिढ्या हात पोळून आणि दूध वायां घालवून त्यांनीं ती मिळवली आहे. सूनबाईंचें पक्वान्न फसलें तें आपल्याकडे भाजण्याची रीत नव्हती म्हणून नव्हे. येथील फळानें तिकडील क्रम मानला नाहीं म्हणून.

आणि ह्या क्रमांतच साऱ्या गोष्टीचें मर्म आहे. रोडगा भाजून झाला कीं त्याचा कुस्करा करतात, त्यांत तूप आणि गूळ चोळतात, तो चुरमा. कणीक, स्निग्धांश आणि गोडी हे तीनच घटक 'क्रिस्प'च्या भुग्याचेहि कणा आहेत. भेद एवढाच कीं ते चुरून भाजतात आणि आपण भाजून चुरतों. ज्या फळास आंच सोसते त्याला त्यांचा क्रम बरा. ज्याला ती सोसत नाहीं त्याला आमचा.

दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं आदल्या रात्रींचे उरलेले रोडगे घेतले. ते भरड कुटून तुपावर पुन्हां परतले, खाली उतरवून त्यांत किसलेला गूळ व वेलदोडा घातला, आणि तो चुरा गार होऊं दिला. खोलगट वाट्यांत बिया काढलेला सीताफळाचा गर घालून वर तो कुरकुरीत चुरा ऐन वेळीं पेरला. राखेचा किंचित् वास, गुळाचा खमंगपणा आणि खालीं फळाचा थंड गोडवा! सालगड्यास वाटी दिली तेव्हां त्यानें ती संपवली आणि "चुरम्यात फळ घातलंय, दुसरं काय," असा अभिप्राय दिला. आमच्या मतें ह्या विषयावर एवढी नेमकी टीका दुसरी होणार नाहीं.

ह्यावरून क्रिस्पचा शोध आमच्या पूर्वजांनींच लावला होता, असें कोणी म्हणूं नये. तो एक दुसरा, आणि सध्यां फार फैलावलेला रोग आहे. रोडगा हा क्रिस्प नव्हे, आणि त्याला तसें म्हणवून घेण्याची गरजहि नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं "आपल्याकडे हें नव्हतें" असें म्हणण्यापूर्वीं 'आपल्याकडे' ह्या शब्दांत आपण कोणाकोणास धरतों, तें एकदां तपासावें. आमच्या त्या वाक्यांत माजघर होतें, बांध नव्हता. छापलेलें पुस्तक होतें, नवस बोलणारी सून नव्हती. इंग्रजी छावणी होती, पण तिच्या कुंपणापलीकडचा आर नव्हता. इतकीं माणसें वगळून उरलेल्यांस आम्ही 'आपण' म्हणत होतों, आणि मग आपल्याजवळ कांहीं नाहीं म्हणून खंत करीत होतों.

सुटी संपवून परतल्यावर आम्हीं टिपणांतील तें सुटसुटीत वाक्य खोडून टाकलें. त्याच्या जागीं अद्याप दुसरें तितकें आटोपशीर वाक्य सुचलेलें नाहीं. तूर्त समासांत एवढेंच लिहून ठेवलें आहे: "वाजतो तो भाजला." आमचें जुनें वाक्य आम्हीं इतकीं वर्षें वर्गांत सांगितलें, पण तें असें ठोकून पाहण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं.